लुगड्याचं दुसरं टोक

“कालव्यावर जायाचं तर निदान वढणी तरी घी गं,” सोनुबाई म्हणाली होती. ज्योत्स्नानं ते कानाआड केलं.

म्हातारीला आपली ट्रॅकपँट खुपतेय, असं तिला वाटलं. बेळगावच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं सासू तिच्या कपड्यांवर चकार शब्द बोलली नव्हती. पण इथं, निपाणीच्या अलीकडच्या या गावात, चार माणसं बघणार ना. “आत्या, फिरायला निघालोय, जत्रेला नव्हे,” ती म्हणाली. सोनुबाई पुढं काही सांगणार होती, पण ती नातीला कडेवर घेऊन चालू लागली.

नात म्हणजे पियू. शाळेत घालतील तेव्हा प्रियदर्शिनी, आत्ता अडीच वर्षांची. ज्योत्स्नाचा सगळा जीव त्या पोरीत आणि सगळा संशय सासूत. पियूला घास भरवायच्या आधी सोनुबाईनं हात दोनदा धुवायचे, असा घरात नियम होता. ती कधी विसरली तर ज्योत्स्ना भांडायची नाही. गुपचूप फोटो काढून नवऱ्याला, प्रज्ञेशला, बँकेत पाठवायची आणि खाली एकच शब्द लिहायची, बघ.

बंद घराची कौलं शाकारायला म्हणून ते रविवारी गावी आले होते. प्रज्ञेश गवंड्याबरोबर छपरावर चढला आणि या दोघी पोरीला घेऊन बाहेर पडल्या. उसाच्या फडातून वाट निघते, कालव्याच्या भरावावर चढते, तिथून माळावरच्या दोन तळ्यांना वळसा घालून परत कालव्यावर येते. ही तळी कुणी खणलेली नाहीत. थोरल्यात कमळं, धाकट्यात नुसतं शेवाळ आणि पाणकोंबड्या. ज्योत्स्नानं तिथं पोरीला सासूकडून काढून घेतलं आणि तिचं मनगट लाल होईस्तोवर धरून ठेवलं. हिरवं पाणी, तळ दिसत नाही, लव्हाळ्यात काय असेल सांगता येत नाही.

सोनुबाईला हसू आलं. “तळ्याला भिऊ नगं. तळ्यात पडलं तर चार पावलांवर पायाला भुई लागती. कालव्याला काठच न्हाय.”

तिला ते ठाऊक असायला कारण होतं. हा कालवा खणला तेव्हा तिनं डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या, प्रज्ञेश पोटात असताना सुद्धा. ज्योत्स्नानं हे इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ती ऐकतच नव्हती.

परत कालव्यावर आल्यावर तिला हायसं वाटलं. सिमेंटचा उतार, सरळ धार, स्वच्छ पाणी. तिनं पियूचा हात सोडला. सोनुबाई भरावाच्या कडेला टेकली. तिनं ओच्यातून गुळाचा खडा काढला, पदराला पुसला आणि नातीच्या तोंडात घातला. हात धुतले नव्हते. ज्योत्स्नानं फोटो काढला. नात आजीच्या मांडीवर, पाठीमागं कालवा, सगळं स्पष्ट. तेवढ्यात आजीच्या मांडीवरून उतरून पोरगी आईकडं धावली. “आलीस माझ्या बाळा,” म्हणत ज्योत्स्नानं तिला एका हातानं पायाशी धरलं आणि सासूकडं पाठ करून दुसऱ्या हातानं लिहू लागली. लिहायला दोन्ही हात लागले. बघ, एवढंच लिहून पाठवायचं होतं.

पाण्याचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

सोनुबाई उतारावरून बसूनच घसरत गेली. पोर तिच्या हाताला लागलं, पण पाय कुठं ठरेनात. शेवाळलेलं सिमेंट. दोघी दहा-बारा हात वाहत गेल्या. पुढं शेतात पाणी सोडायची मोरी होती, तिच्या लोखंडी गजात सोनुबाईनं कोपर अडकवलं. छातीभर पाणी. मग तिनं जे केलं ते ज्योत्स्नाला आजही दिसतं. अडकवल्या हातानं पोर धरून दुसऱ्या हातानं तिनं आपलं नऊवारी लुगडं सोडलं, कमरेकडचं टोक दातांनी ओढून पोरीच्या काखांखालून बांधलं आणि पदराचं टोक वर भिरकावलं. दोनदा ते खाली आलं. तिसऱ्यांदा ज्योत्स्नानं पालथं पडून पकडलं.

“वड.”

ज्योत्स्नानं ओढलं. पोर वर आलं, खोकलं, ओकलं, रडलं. ज्योत्स्नानं तिला छातीशी आवळलं.

“जोस्ना, लुगडं परत टाक.”

ते तिला ऐकू आलं. गाठ सोडायला पोरीला खाली ठेवावं लागलं असतं, फार तर एक मिनिट. तिच्या अंगावर ट्रॅकपँट आणि टी-शर्ट. टाकायला दुसरं काहीच नव्हतं. ओढणी कशासाठी, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळूनही तिनं पोरीला खाली ठेवलं नाही.

“टाक गं पोरी, हात सुटाय लागला.”

हेही ऐकू आलं. तिसऱ्यांदा हाक आली नाही.

खालच्या पुलाजवळ आण्णाप्पा नावाचा माणूस ट्रॅक्टर धूत होता. तिथल्या लोखंडी पायऱ्यांशी त्यानं सोनुबाईला धरलं. तिच्या अंगावर चोळीखेरीज काही नव्हतं. त्यानं मान फिरवून आपला टॉवेल दिला आणि घरी जाऊन बायकोचं लुगडं आणलं.

प्रज्ञेश धावत आला. आईचा दंड सोलून निघालेला, बायकोच्या मिठीत थरथरणारी पोरगी. त्यानं एकच विचारलं, पोरगी कुणाजवळ होती? त्याच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तिनंच पाठवलेला फोटो. कालव्याच्या कडेला, आजीच्या मांडीवर. खाली, बघ.

तो आईकडं वळला. सोनुबाई सुनेकडं बघत होती. ज्योत्स्ना मान खाली घालून पोरीचे केस पुसत राहिली.

“व्हय,” सोनुबाई म्हणाली. “माझ्याजवळच हुती.”

त्या संध्याकाळी गाडी बेळगावला निघाली तेव्हा तिच्यात तिघंच होती. तुझी ट्रंक पाठवून देतो, प्रज्ञेश म्हणाला. पोरीला आता तुझ्या हाती देववणार नाही. सोनुबाई उंबऱ्यात उभी होती. गाडीत पियू आजी आजी करून रडत होती, आणि ज्योत्स्नानं काच वर केली.

याला चार महिने झाले. ट्रंक गेली. प्रज्ञेश आईचं नाव काढत नाही. सोनुबाईचा फोन त्या दिवशी पाण्यात गेला, नवा कुणी दिला नाही. ते लुगडं ज्योत्स्नाच्या कपाटात आहे, धुऊन घडी घातलेलं, काखेखालच्या गाठीची सुरकुती अजून न गेलेली. खरं सांगायला ती रोज तोंड उघडते. मग पियू कुठंतरी धडपडते, प्रज्ञेश म्हणतो, नशीब तू लक्ष ठेवून असतेस, आणि ती तोंड मिटते.

गावात जायला तिचे पाय उचलत नाहीत. म्हणून तिचं तुमच्याकडे मागणं आहे. त्या बाजूला कधी गेलात तर थोरल्या तळ्याला वळसा घालून कालव्यावर या. पुलाच्या अलीकडं नव्या कौलांचं एक घर लागेल. हाक मारा. दार उघडलं तर म्हातारीचा दंड भरलाय का बघा, चूल पेटते का बघा. ती तुम्हाला काही सांगणार नाही. दाराच्या आतल्या बाजूला ज्योत्स्नानं त्या रविवारी संध्याकाळी निघताना, सासूला वाचता येत नाही हे माहीत असूनही, खडूनं आपला नंबर लिहिला होता. तो पुसलेला नसेल, तर त्यावर एक फोन करा.