लाल रेघेपर्यंतचं शटर

मी दादरमधल्या एका साडीच्या दुकानाचं शटर बोलतोय. एरवी माझा खडखडाट ऐकून तुम्ही कानांवर हात ठेवता, म्हणून आज जरा बेतानं बोलतो. लोखंडी पट्ट्यांना गोष्ट नीट सांगता येईल का, याची मला शंकाच आहे. पण गोष्ट आनंदाची आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे, तेव्हा धीर करतो.

माझा जन्म परळच्या एका कारखान्यातला. पट्टीत पट्टी अडकवत मला लांबवलं, वर गुंडाळायला दांडा आणि स्प्रिंग बसवली. दुकानाच्या मालकांनी, जयवंतरावांनी, मला लावलं तेव्हा नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मग मी ज्यातून सरकतो त्या बाजूच्या खाचेवर, कमरेच्या उंचीला, ब्रशने एक लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "संध्याकाळी शटर इथवर आलं की दुकान बंद."

तेव्हापासून दुकानातले जुने नोकर दौलतमामा लांब आकडीने मला रोज त्या रेघेपर्यंत ओढत. नवं गिऱ्हाईक थांबे, पण आतले दिवे चालूच राहत. दिवसभर बायकांनी हौसेने उलगडून पाहिलेल्या साड्यांचा गाद्यांवर डोंगर झालेला असे. प्रत्येक साडी मूळ घडीवर आणायची, काठाला काठ जुळवायचा, आपापल्या खोक्यात ठेवायची. खालच्या-वरच्या मजल्यावर मिळून बावीस-चोवीस माणसं या कामाला लागत. मी बाहेरून बंद आणि आतून उघडा. आपण नक्की कोण, हे माझं मलाच कळत नसे.

जयवंतरावांमागे दुकान त्यांच्या मुलीकडे, सुचित्राताईंकडे आलं. ताई कायद्याला फार जपणाऱ्या. पगार वेळच्या वेळी बँकेत, आठवड्याची सुट्टी ठरलेली, दुपारी जेवायला पुरेसा वेळ, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायला स्टुलं. कामाचे तास मात्र त्या मी वर गेल्यापासून लाल रेघेवर येईपर्यंत धरत. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. नंतरचा वेळ त्यांच्या लेखी घरच्यासारखा. त्या वेळात त्या सगळ्यांसाठी गरम वडे मागवत, स्वतःही चार साड्या घडी करत, गप्पा मारत. ते काम आहे, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

याच दुकानात भोईवाड्याची माया काम करते. पैठणीची घडी तिच्यासारखी कुणाची बसत नाही. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची. यंदा वस्तीतल्या बायकांनी पुन्हा संघ उभा केला आणि मायाने नाव दिलं. पण सराव सुरू व्हायचा तेव्हा ती माझ्या आत खोकी भरत असायची. धावत पोचेपर्यंत बाकीच्या घाम पुसत असायच्या. शेवटी त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी बजावलं की पुढच्या आठवड्यात पहिल्या शिट्टीला हजर नसलीस तर नाव काढणार. माया हे दौलतमामांना सांगत होती, मी ऐकलं. मामा म्हणाले, ताईंना सांग. ती म्हणाली, "कसं सांगू, मामा? एवढ्या प्रेमाने वडे देतात."

त्याच संध्याकाळी एक बाई माझ्याखालून वाकून डोकावल्या.

"चालू आहे का हो?"

"नाही हो, बंद झालं. उद्या या," सुचित्राताई म्हणाल्या.

बाईंनी आतल्या सगळ्यांवर नजर फिरवली. "मग ह्या सगळ्या कशाला थांबल्यात?"

"आम्ही बंद दुकानातली चालू माणसं," दौलतमामा म्हणाले आणि दुकान हसलं. ताईही हसल्या. पण बाई गेल्यावर ताईंच्या हातातली साडी तशीच अर्ध्या घडीवर राहिली.

"माया, तुला घरी जायला उशीर होतो का गं?"

"घरी नाही, ताई," माया खाली बघत म्हणाली. "मैदानात."

दुसऱ्या दिवशी ताईंनी जाहीर केलं की लाल रेघेनंतर ज्याला जायचंय त्याने जावं. कुणीच हललं नाही. डोंगर समोर दिसत असताना पहिलं पाऊल कोण टाकणार? माया दारापर्यंत आली, माझ्याखाली वाकली आणि परत फिरली. तिची पाठ माझ्या कडेला घासली, एवढी ती जवळ आली होती. मला त्या क्षणी स्वतःच स्वतःला वर उचलावंसं वाटलं. पण शटराला कुठलं आलंय बळ.

मग ताईंनी ओळखीच्या वकिलांना, हितेंद्रना फोन लावला. ते काय म्हणाले ते ताईंनी गल्ल्यापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं. तुमच्या कामासाठी माणूस थांबतो तो सगळा वेळ कामाचा, मग शटर कुठेही असो. आणि जाणं कुणाच्या मर्जीवर सोडायचं नाही, वेळ मालकाने ठरवायची.

"म्हणून उद्यापासून शेवटचं गिऱ्हाईक लवकर घ्यायचं," ताई म्हणाल्या. "घड्या कामाच्या वेळातच होतील. लग्नसराईत कुणी थांबलंच, तर आधी विचारून आणि दुप्पट दराने. मागच्या थांबलेल्या तासांचे पैसेही मी देणार आहे."

बोलता बोलता ताईंची नजर गल्ल्यावर गेली. संध्याकाळचीच तर विक्री खरी.

मग दौलतमामांनी काळजीने विचारलं, "ताईनू, वडे बंद नाय ना?"

वडे बंद नाहीत. आता ते चार वाजताच्या चहाबरोबर येतात. काही गिऱ्हाइकं सुरुवातीला रुसली, दोन-चार कायमची गेली, बाकीच्यांनी लवकर यायची सवय लावून घेतली. मामांनी टर्पेंटाइनने लाल रेघ पुसली. नीट गेली नाही, गुलाबी डाग राहिलाय. आणि इतक्या वर्षांनी मी रोज संध्याकाळी मध्ये न थांबता थेट जमिनीपर्यंत उतरतो, सगळी माणसं बाहेर आल्यावर. त्या शेवटच्या 'धाड' आवाजाला सगळे हसतात आणि माया मैदानाकडे जाणाऱ्या पुलाच्या दिशेने पळत सुटते.

संघाचा सामना सुट्टीच्या दिवशी झाला. सगळं दुकान मैदानात गेलं होतं, मी एकटाच इथे. दुसऱ्या सकाळी मात्र दौलतमामांनी मला वर करायच्या आधी फुटपाथवर मायाची अख्खी चढाई करून दाखवली. ती कशी वाकली, कशी निसटली, हे सांगताना मधल्या रेषेला हात लावायचा म्हणून त्यांनी माझ्यावरच थाप मारली. एका गुणाने संघ जिंकला म्हणे. तेवढ्यात माया लंगडत आली, गुडघ्याला पट्टी, चेहरा उजळलेला. मी वर गेल्यावर ताईंनी आतून स्वतः स्टूल आणून तिला बसवलं आणि म्हणाल्या, "आज पैठण्या बसूनच दाखव."

आता माझ्या पट्ट्यांना गंज धरलाय, स्प्रिंग कुरकुरते. मी फार काळ टिकेन असं नाही. एकच सांगणं आहे. संध्याकाळी रस्त्याने जाताना एखादं शटर अर्ध्यावर थांबलेलं दिसलं, तर जरा वाकून आत बघा आणि त्या बाईंसारखं मोठ्याने विचारा, "ह्या सगळ्या कशाला थांबल्यात?" आतल्या कुणाची तरी शिट्टी वाजायची वेळ झालेली असेल.