चार हजार तीनशे अठरा ओळी

'आधी बघ, मग बदल.' माझ्या मॉनिटरच्या कडेला ही चिठ्ठी चिकटवलेली आहे. डेटाबेसवर काम करायला आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी ती तीनदा मोठ्याने वाचायला लावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्यातला पाषाण मी, शेखर.

चाकणच्या आमच्या कंपनीत पिकअप गाड्यांचे ब्रेक ड्रम बनतात. प्रत्येक ड्रमला नंबर असतो आणि माझ्या तक्त्यात त्या नंबरासमोर एक शब्द असतो, 'मंजूर' किंवा 'रोखलेला'. गेटवरचा स्कॅनर तो शब्द वाचून माल सोडतो. पूर्वी तपासणीतले मीरासाहेब चाचा नापास ड्रमवर लाल रंगाचा फटका मारायचे आणि त्याचा नंबर वहीत लिहायचे. सहा महिन्यांपूर्वी मीच ते बंद पाडलं. दोन जागी नोंद म्हणजे दोन जागी चूक, असं मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत म्हणालो होतो.

शुक्रवारी सकाळी अकरा दहाला एक ड्रम फेरतपासणीत पास झाला. तो मंजूर करायची आज्ञा दोन ओळींची होती. पहिली ओळ, मंजूर कर. दुसरी, फक्त या नंबराचा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने जेवढा मजकूर निवडाल तेवढाच चालतो. माझ्याकडून पहिलीच ओळ निवडली गेली आणि मी बटण दाबलं. खाली संदेश आला, तक्त्यातल्या ४३१८ ओळी बदलल्या. यायला हवी होती एक.

गोदामातला प्रत्येक नापास ड्रम आता मंजूर होता. बदल पक्का होण्याआधी थांबून बघायची सोय असते. तीही मीच शिकवतो आणि त्या दिवशी मीच वापरली नव्हती.

तेव्हाच गेटवर एक फोन करायला हवा होता. मी नाही केला. मला भीती वाटली, आणि ती ब्रेकची नव्हती, माझ्या नोकरीची होती. रात्रीचा बॅकअप गुपचूप दुसरीकडे उतरवू, जुने शब्द परत आणू, कुणाला पत्ता लागणार नाही, असं मी स्वतःला समजावलं.

बॅकअपची स्क्रिप्ट माझीच. रोज सकाळी सातला मोबाइलवर हिरवा संदेश येतो, 'बॅकअप यशस्वी'. फोल्डर उघडलं तर शेवटची फाइल एकोणीस दिवसांपूर्वीची, त्यानंतर रोखलेल्या ड्रमची तिच्यात नोंदच नव्हती. डिस्क तेव्हाच भरली होती. फाइल तयार झाली की नाही हे स्क्रिप्ट बघतच नव्हती, नुसता संदेश पाठवत होती. तपासायची ओळ 'नंतर लिहू' म्हणून मीच सोडली होती. दुसऱ्या सर्व्हरवर प्रत सापडेल म्हणून शोधत बसलो. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. प्रत कुठेच नव्हती.

बारा वीसला मी गेटवर फोन केला आणि सगळं सांगितलं. भरून उभा असलेला ट्रक थांबला. मीरासाहेब चाचा हातोडी घेऊन आले आणि एकेक ड्रम वाजवायला लागले. चांगला ड्रम खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. दोन बद्द निघाले. मला बरं वाटलं.

"चाचा, असे सगळेच सापडतील ना?"

"फुटका बोलतो, शेखरभाऊ. नरम लोखंडाचा माल बोलत न्हाई, चांगल्यावानीच वाजतो. आन् या पंधरवड्यात आमी नरम मालच जास्त रोखलाय. त्याचे नंबर काढून द्या."

"नंबर नाहीत चाचा. कुठले रोखलेले होते, ते तक्त्यातून पुसलं गेलं."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "वही तर तुमीच बंद केली."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दीड वाजता गेटवरची यादी बघितली, तर तिच्यात आणखी एक गाडी होती. साडेअकराला टेम्पो आकुर्डीच्या एका गॅरेजला सहा ड्रम घेऊन गेला होता. साडेअकराला मी पासवर्ड चुकवत होतो. गॅरेजवाल्या तौफिकला फोन लावला.

"चार इथंच आहेत," तो म्हणाला. "दोन बसवले. गाडी आत्ताच गेली, चाकणला कांदा भरायला."

"गाडीचा नंबर?"

"घाईत होता, लिहून न्हाई घेतला. पांढरी पिकअप हाय. मागं बायको आन् दोन पोरं बसलीत."

त्या दोन ड्रमपैकी एखादा नरम असेल, किंवा दोन्ही चांगले असतील. ते सांगू शकणारा एकच शब्द जगात होता आणि तो मी पुसला होता. रिकामी गाडी कदाचित थांबेलही. कांदा भरून उतारावर लागली की काय होईल, याचा विचार करवत नव्हता.

मी बाइक काढली. चाकणच्या कांदा मार्केटच्या गेटवर पोचलो. आत शंभरेक पिकअप असतील, बहुतेक पांढऱ्या. काही भरून बाहेर निघत होत्या. मी मधोमध उभा राहिलो, पहिलीला हात केला आणि काचेवर टकटक केली.

"भाऊ, आज ब्रेकचं काम केलंय का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मी पुढच्या गाडीकडे धावलो.