दादाचा टिकाऊपणा

आमच्या कंपनीच्या फुटबॉल-गेममध्ये खेळाडूंना दुखापती मी देते. प्रत्येकाला टिकाऊपणाचा एक आकडा असतो; तो कमी आणि दमणूक जास्त असली, की धावता धावता जायबंदी व्हायची शक्यता वाढते. दुखणं पुरतं बरं व्हायच्या आत मैदानात उतरवला, की आकडा कायमचा घसरतो. साधं गणित आहे. पण माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्यात ते फक्त पडद्यावरच्या माणसांपुरतं शिरतं.

दादा आमच्या गेमचा हक्काचा, फुकटचा परीक्षक. गेममधल्या पोराची मांडी जरा आखडली, की हा त्याला लगेच बाकावर बसवतो. आणि स्वतःचा गुडघा टम्म सुजलेला असताना हा बाबा रविवारी सामना खेळायला निघाला होता! डॉक्टरांनी बजावलं होतं, या वेळी सांधा गेला तर कायमची काठी. वहिनीने बूट लपवले, तर पठ्ठ्याने नवे आणले. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी शेवटचा उपाय केला. गेममधल्या त्याच्या संघात एक नवा बचावपटू घातला. वय एकेचाळीस, गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा, दोन्ही वेळा घाईने परतलेला. टिकाऊपणा शंभरपैकी अकरा.

"हे कुठलं म्हातारं आणलंस गं?" दादा वैतागला. "याला खेळवणाऱ्याला तुरुंगात टाकायला हवं."

त्याने स्वतःच बटण दाबून त्याला संघातून काढलं.

"दादा, तो तू होतास."

त्याने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग उसळलाच. "अकरा? निदान तीस तरी टाकायचे!"

"तीसच होते! गेल्या वर्षी पट्टी बांधून खेळलास, तेव्हा अकरावर आलास." माझा आवाज चढला. "वैताग आणलायस नुसता! काठी टेकत चालणारा दादा नाही बघायचा मला, कळतंय का?"

दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. दादाने तिच्याकडे पाहिलं, गुडघ्यावरून हात फिरवला.

"बरं, नाही खेळत," तो म्हणाला.

मला हायसं वाटणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "संघातून काढल्यावर तो माणूस पुढे काय करतो गं, तुमच्या गेममध्ये?"

त्याच्या पुढचं आम्ही कुणी काही लिहिलंच नव्हतं.