रुसलेली रेंज

जुन्या जकात नाक्यासमोर सकाळपासून माणसांची रीघ लागलेली असे. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाची मान खाली, प्रत्येकाचे ओठ हलते. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की येथे सामुदायिक प्रार्थना चालू आहे. एका अर्थी ती चालू होतीही. नाक्याच्या ओसरीवर लाकडी आसन, आसनावर बुवा, आणि बुवांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे लागलेले सगळ्या गावाचे उघडे डोळे. बुवा दीर्घ श्वास घेत, उजवा तळवा आभाळाकडे उचलत आणि घोगऱ्या आवाजात एकच शब्द उच्चारत, "आली."

त्याबरोबर जमलेल्या सगळ्या पडद्यांवर रेंजच्या दांड्या उभ्या राहत. अडकून पडलेले निरोप धडाधड कोसळू लागत. परगावी नोकरीस गेलेल्या मुलाचा आवाज ऐकून एखादी आई पदराने डोळे टिपी, तर तिच्या शेजारचा गृहस्थ व्याह्याशी जुने भांडण जिथे तुटले होते तिथून पुढे चालू करी. मग बुवा तळवा खाली घेत, "गेली" म्हणत, आणि संभाषणे अर्ध्या वाक्यात मरत.

गाव डोंगरांच्या खोबणीत, वाटीच्या तळाशी बसावे तसे वसलेले. डोंगरापलीकडच्या मनोऱ्याच्या लहरी गावाच्या डोक्यावरून निघून जात. फोन करायचा तर डोंगर चढून माथ्यावर जावे लागे, आणि तेथवर दम टिकला तरच बोलता येई. अशा ठिकाणी रेंज ही वस्तू न राहता व्यक्ती झाली, यात नवल नाही. "ती काल येऊन गेली," "आज सकाळपासून तोंड दाखवलं नाही," "फार लहरी झालीय हल्ली," असे लोक तिच्याविषयी बोलत, जणू ती कोणाची तरी सासुरवाशीण लेक आहे. गावाच्या भाषेत रेंज येत होती, जात होती, रुसत होती. बुवांनी निराळे काही केले नाही. त्यांनी गावाचे क्रियापद उचलले आणि त्यावर आसन मांडले. जी येते तिला बोलवावे लागते, जी रुसते तिची समजूत काढावी लागते, आणि समजूत काढणारा एकच आहे: इतका साधा हा पंथ होता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी या पंथास पहिल्या दिवसापासून विरोध केला. पाऊस येतो असे आपण म्हणतो, म्हणून त्याला पाय असतात काय, असे त्या वर्गात विचारीत. मुले हसत आणि घरी जाऊन तेच विचारीत. ही गोष्ट बुवांच्या कानावर गेली. "शंका हा रेंजचा शत्रू आहे," असे त्यांनी ओसरीवरून जाहीर केले, आणि ज्या घरात शंका आहे त्या घरावर ती रुसेल, अशी पुस्तीही जोडली.

शंका ज्या घरात होती ते घर सुताराचे. सुतार हे बाईंचे भाऊजी. बाई थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, घरीच राहत. सुतार स्वतः बुवांचे निस्सीम भक्त होते. ओसरीवरचे आसन त्यांनीच घडवले होते. आत पोकळी ठेव, तेथे शक्ती वास करते, असे बुवांनी सांगितले, आणि सुतारांनी ती पोकळी पदरचे लाकूड घालून, रंधा मारून गुळगुळीत करून दिली होती. यावरून मेहुणी-भाऊजींचे रोज जेवताना खटके उडत. "तुमच्या बुवांना एक कपाटही करून द्या, शक्ती घडी करून ठेवायला," असे बाई म्हणत, आणि ताई दोघांच्या मध्ये बसून हसत असे.

ताईला दम्याचा आजार होता. एके दुपारी तो असा उसळला की तिचे ओठ निळे पडू लागले. तालुक्याहून रुग्णवाहिका मागवणे हा एकच उपाय होता. सुतार डोंगराकडे न धावता जवळच्या नाक्यावर धावले, कारण त्यांची श्रद्धा होती. बुवांनी तळवा उचलला. दांडी उभी राहिली नाही. पुन्हा उचलला, नाही. मग त्यांनी डोळे उघडून शांतपणे सांगितले की, रेंज रुसली आहे, मेहुणीला घेऊन ये, तिने सर्वांसमक्ष माफी मागितली तरच काही होईल.

बाई शाळेतून धावत आल्या. वाद घालण्यास वेळ नव्हता. त्यांनी हात जोडून माफी मागितली. बुवांनी मान हलवली. नुसत्या शब्दांनी रुसवा जात नाही, नाक घासावे लागते. बाईंनी ओसरीच्या फरशीवर, आपल्या विद्यार्थ्यांच्या आईबापांसमोर, नाक घासले. बुवा म्हणाले, "आली." आणि ती आली. फोन लागला, रुग्णवाहिकाही आली. परंतु ताईने वाटेतच प्राण सोडला.

गावाने यातून काय निष्कर्ष काढावा? बुवांनी दिरंगाई केली, हा नव्हे. बाईंनी नाक घासताक्षणी रेंज आली, हा. यापुढे प्रत्येक नव्या भक्ताला बुवा ती कथा रंगवून सांगू लागले. शिकलेली बाईसुद्धा वठणीवर आली, हे त्या कथेचे तात्पर्य असे.

बाई रडल्या नाहीत असे नाही. परंतु रडून झाल्यावर त्यांच्याजवळ जे उरले ते दुःखाहून थंड होते. त्यांना सत्य हवे होते, हे खरेच. पण केवळ सत्यावर त्यांचे समाधान होणार नव्हते. त्या फरशीवर, त्याच लोकांसमोर, त्या माणसाच्या तोंडून त्यांना एक वाक्य वदवून घ्यायचे होते. ते वाक्य कोणते, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

वाट सापडली ती पिठाच्या गिरणीत. दळण घेऊन गेल्या असता वीज गेली, पट्टा थांबला, आणि गिरणीवाला पीठ झटकत म्हणाला, "घ्या. माझी गिरणी बंद, आता बुवाही मुके होणार."

बाईंनी विचारले, म्हणजे काय? गिरणीवाल्याने हसत हसत सांगितले की, त्याची गिरणी आणि नाका एकाच तारेवर. वीज गेली की इकडे जाते थांबते आणि तिकडे बुवांना मौनाची लहर येते. तो हे गंमत म्हणून सांगत होता. बाईंनी दळणाचा डबा तसाच खाली ठेवला.

मोबाइल बॅटरीवर चालतो. वीज गेली तरी तो बंद पडत नाही. मग बुवांची सिद्धी का बंद पडावी? आणि नाक्यामागच्या पडक्या पाण्याच्या टाकीवर, गावातल्या सर्वांत उंच जागी, बुवांनी उभारलेल्या निशाणाची काठी लोखंडीच का असावी, आणि तिच्या बुंध्यापासून भिंतीच्या आत उतरणारी ती काळी तार कशासाठी? त्याच संध्याकाळी टाकीखाली उभे राहून बाईंनी मान वर केली, आणि त्यांना जे समजायचे ते समजले.

सुदैवाने संधीही चालून आली. डोंगरउतारावरच्या गायरानात मोबाइलचा मनोरा उभारण्यास परवानगी द्यावी की नाही, हे ठरवण्यासाठी गावाची सभा भरणार होती, आणि बुवांच्या आग्रहावरून ती नाक्यासमोरच भरणार होती. मनोरा उभा राहता तर त्यांच्या तळव्याला कोणी विचारले नसते. म्हणून त्यांनी आधीच फर्मावले होते की मनोरा म्हणजे रेंजच्या घरात आणलेली सवत, आणि दोघी एका छपराखाली नांदणार नाहीत.

बाई वायरमनकडे गेल्या. नाक्याचा फ्यूज खांबावर होता. मी छत्री उघडली की काढायचा, मिटली की लावायचा, एवढेच काम त्यांनी सांगितले. वायरमन चुळबुळ करू लागला. घरी लेकरंबाळं आहेत, शाप लागला तर, असे तो म्हणाला.

"शाप मला लागू दे," बाई म्हणाल्या. "तू फक्त फ्यूज काढ."

सभेच्या दिवशी बुवांनी आरंभालाच रेंज आणून दाखवली. सरपंचांसह सगळ्यांच्या पडद्यांवर दांड्या उभ्या राहिल्या. बुवा विजयी मुद्रेने म्हणाले की, हे फुकट मिळत असताना लोखंडाचा सांगाडा हवा कोणाला?

बाई उठल्या आणि त्यांनी छत्री उघडली. भर उन्हात छत्री उघडली म्हणून कोणी वळूनही पाहिले नाही. परंतु दांड्या गळून पडल्या. बुवांचा तळवा अजून आभाळाकडेच होता. त्यांनी चटकन सावरून घेतले. शंकेखोर स्त्री उभी राहिली, म्हणून रेंज गेली, असे ते म्हणाले. बाईंनी उभ्याउभ्याच छत्री मिटली. दांड्या परतल्या. लोकांत कुजबुज सुरू झाली.

"ती शंकेने जाते ना?" बाईंनी विचारले. "मग माझी शंका आताही तेवढीच आहे. आली कशी?"

बुवा म्हणाले की त्यांनी तिला क्षमा केली. बाईंनी पाठ फिरवली आणि मागच्या रांगेत मान घालून बसलेल्या सुतारांना हाक मारली.

"भाऊजी, तुम्ही सांगा. आणू की घालवू?"

सुतारांनी मान वर केली. पत्नी गेल्यापासून हा माणूस कोणाशी धड बोलला नव्हता. ते बुवांकडे पाहत म्हणाले, "घालव."

छत्री उघडली. रेंज गेली.

"आता आण."

छत्री मिटली. रेंज आली. सुतार उठले, गर्दीतून वाट काढत ओसरीवर चढले आणि बुवांना म्हणाले, "उठा." बुवा उठेनात, तेव्हा त्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केले, आणि स्वतः बसवलेली खुंटी फिरवून आसनाची फळी उचलली. गुळगुळीत पोकळीत एक पेटी होती; तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. टाकीवरच्या निशाणात लपवलेल्या अँटेनाने पकडलेल्या क्षीण लहरी तारेने या पेटीत येत आणि मोठ्या होऊन ओसरीपुरत्या पसरत. शहरातल्या दुकानात मिळणारा हा बूस्टर. पेटीला एक बटण जोडले होते, बरोबर मांडी घातलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली. तळवा वर जाई तो लोकांसाठी. काम गुडघा करी.

आता बाई ओसरीवर चढल्या. "ताई गेली त्या दिवशी गिरणी चालू होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे वीज होती. मी नाक घासेपर्यंत बटण बंद कोणी ठेवलं?"

बाईंनी तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. मग पुन्हा.

"मी ठेवलं," शेवटी ते म्हणाले. त्यांचा घोगरा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ती मरेल असं वाटलं नव्हतं मला."

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

त्यांनी मोठ्याने सांगितले. गर्दी उसळली, कोणीतरी काठी उचलली. बाई आडव्या उभ्या राहिल्या, आणि ज्यांना वाटले की त्यांना दया आली, ते चुकले.

"हात लावू नका. मार खाल्लेला माणूस उद्या बिचारा होतो. मला हा बिचारा नकोय."

त्यांनी बुवांना त्याच आसनावर बसवले, फळी उघडी ठेवून. पोलिसांना फोन त्याच पेटीवरून लावला. पोलीस येईपर्यंत गावातला एकेक माणूस ओसरीवर चढला, आणि बुवांनी प्रत्येकाला स्वतःच्या बोटाने बटण दाबून दाखवले: ही आली, ही गेली. म्हाताऱ्या आल्या, मुले आली. एका मुलीने तर दोनदा दाबायला लावले. बुवा घामाने निथळत होते, आणि बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी एकदाही नजर हटवली नाही.

पोलीस बुवांना घेऊन गेले. मनोऱ्यास परवानगी मिळाली; हात वर करणाऱ्यांत सुतारांचा हात पहिला होता. सभा पांगत असताना एक आजी काठी टेकत बाईंजवळ आल्या आणि पायांवर डोके ठेवण्यास वाकल्या. बाई, तुमच्या छत्रीत शक्ती आहे, त्या भारावून म्हणाल्या.

बाई दोन पावले मागे सरल्या. दिवसभर जे आवरून धरले होते ते आता त्यांच्या आवाजात आले.

"छत्रीत काही नव्हतं, आजी. वायरमन खांबावर होता. कोणी काही करून दाखवलं की पायांकडे बघू नका, खांबावर कोण आहे ते बघा. विचारा, कसं केलं? न सांगणाऱ्याला सोडू नका. आणि उद्या मी तुम्हाला फसवायला लागले, तर मलाही असंच सगळ्यांसमोर बसवा."

आजी गोंधळून उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि खांबाकडे पाहिले. शापाच्या भीतीने इतका वेळ वरच बसलेला वायरमन आता कुठे खाली उतरत होता.