गाडी कुणाची

पूर्वेच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्रातून सूर्य वर येताना बघायचा, हे खूळ आमच्या नातीचं. तिला घरात सगळे पोपट म्हणतात, कारण तिच्या तोंडाला झोपेतसुद्धा सुट्टी नसते. तिचा धाकटा भाऊ बंब. तो दिवसभर घटाघटा पाणी पितो, आणि मग कुठेही गेलं तरी त्याच्यासाठी आधी संडास शोधावा लागतो. असल्या दोन पोरांना घेऊन रात्रभर प्रवास करायचा आणि पहाटे समुद्रावर पोचायचं म्हटल्यावर माझ्या मुलाने कपाळाला हात लावला. मी मात्र चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "गाडी मी चालवणार."

त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी रात्रीच्या बसचा ड्रायव्हर. उभी हयात तेच केलं. माझ्या मागे लोकांची पोरं आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची, आणि मी खड्डा असा चुकवायचो की त्यांनी कूससुद्धा बदलू नये. फक्त माझं स्वतःचं पोर कधी माझ्या मागे झोपलं नाही. आमच्या चिरंजीवांना गाडी सुरू व्हायच्या आधीच मळमळायला लागायचं. त्याला बसमध्ये नेणार कसा? त्यामुळे एक इच्छा राहून गेली होती, आणि ती मी कुणापासून लपवलेली नाही. आपली पोरं मागे गाढ झोपलीत आणि गाडी आपल्या हातात आहे, अशी एक रात्र मला हवी होती. मुलगा नाही तर नातवंडं तरी. यात कुणी नाक खुपसलेलं मला चालणार नव्हतं.

सून शाळेत गणित शिकवते. तिने फोनवर रस्ता काढला, कुठे थांबायचं तेही ठरवलं आणि मला दाखवायला आणलं. मी बघितलं आणि म्हणालो, "ही जागा बाद."

"का, बाबा? चांगलं हॉटेल आहे."

"चांगलं आहे म्हणूनच बाद. तिथे लखलखाट असतो, गाणी लावलेली असतात. पोपट एकदा जागी झाली की उजाडेपर्यंत आपला मेंदू खाईल. थांबायचं ते पेट्रोल पंपावर, तेही मागच्या बाजूला. बंबाला उचलून न्यायचं, उचलून आणायचं. त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही."

"त्याने काही विचारलं तर?"

"हं म्हणायचं."

तिने ती जागा पुसून टाकली. सुनेचं हे एक बरं आहे, पटलं तर ती उगाच वाद घालत नाही. न पटलं तर मात्र पिच्छा सोडत नाही.

मग मी सामानाकडे वळलो. संत्री नेऊ दिली नाहीत, बंद गाडीत त्या सालांच्या वासाने पोटात ढवळतं. बिस्किटं पुड्यांतून काढून डब्यात भरायला लावली, कारण झोपलेलं पोर भोंग्याने उठत नाही पण पुडा कुरकुरला की टुणकन उठून बसतं. उशी खिडकीच्या काचेला टेकवायची नाही, काच थरथरते. पोरांना झोपायच्या कपड्यांतच गाडीत घालायचं. मी हे सगळं बारीकसारीक सांगत होतो तेव्हा आमची ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अहो, माझ्या बाळंतपणात यातलं चिमूटभर तरी लक्ष घातलं होतंत का?" मी ते ऐकलंच नाही.

दुपारी दारात उभ्या गाडीत मी पोरांची रंगीत तालीम घेतली. बंब मधल्या सीटवर आडवा झाला आणि लगेच म्हणाला की त्याला जायचंय. त्याला जाऊन येऊ दिलं. पोपट डोळे घट्ट मिटून पडून राहिली, पण तोंडाचा पट्टा चालूच.

"आजोबा, आम्ही झोपलो की नाही ते तुला कळणार कसं? तू तर पुढे बघणार."

"कानांनी. झोपलेल्याचा श्वास वेगळा ऐकू येतो."

"एकदा वळून बघायचं की."

"ड्रायव्हर मागे वळून बघत नाही."

"म्हणजे इतकी माणसं तुझ्या बसमध्ये झोपली आणि तू एकालाही बघितलं नाहीस?"

"नाही. बघायची गरजच नसते."

"मग त्यात काय मजा?"

मी तिला पाय आत घ्यायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो तेव्हा सुनेने अगदी साध्या आवाजात विषय काढला. "बाबा, मला वाटतं रात्रीची गाडी मी चालवावी. येताना दिवस असेल, तेव्हा तुम्ही चालवा."

मुलाने मान खाली घातली ती वरच केली नाही. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? माझ्यात काय कमी आहे?"

"परवा तुम्ही फाटकाला गाडी घासलीत," मुलगा ताटाकडे बघत म्हणाला.

"फाटक अरुंद आहे."

"फाटक होतं तेवढंच आहे," ही म्हणाली.

"आणि समोरून कुणी दिवे लावून आलं की तुम्ही त्याला शिव्या घालता," सून म्हणाली.

"घालणारच. हल्लीच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात. बनवणाऱ्यांना अक्कल नाही." हे मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत आलो होतो आणि त्यात मला काडीची शंका नव्हती. "आणि तुला काय ठाऊक गं रात्रीचा रस्ता? भर उन्हात शाळेत जातेस आणि भर उन्हात परत येतेस."

मला वाटलं आता ती गप्प बसेल. ती म्हणाली, "मग तुमच्या पद्धतीने बघा. मी पुढचं सांगते. नापास केलंत तर गाडी तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

पुढचं सांगणं ही आमच्या रात्रीच्या ड्रायव्हरांची रीत. लांबच्या बसवर दोघे ड्रायव्हर असायचे. अर्ध्या वाटेत अदलाबदल व्हायची, आणि जो चालवायला घेणार तो नुकताच झोपेतून उठलेला असायचा. त्याच्या हातात गाडी देऊन लगेच कुणी झोपायला जात नसे. आधीचा ड्रायव्हर त्याच्या शेजारी बसायचा आणि विचारायचा, "काय दिसतंय?" नव्या ड्रायव्हरने दिसेल ते सांगायचं. ट्रक, कुत्रं, वाकलेला खांब, काय असेल ते. शेजारच्याला दिसायच्या आत तो सांगायला लागला, की शेजारचा म्हणायचा, "गाडी तुझी," आणि मागे जाऊन आडवा व्हायचा. ज्याला आधी दिसतं त्याची गाडी, एवढा सरळ हिशेब. हे किस्से मीच घरात शंभरदा ऐकवले होते. सून ते इतकं मन लावून ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दोघेच निघालो. मी मिशीवरून हात फिरवत शेजारी बसलो. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना झाडी असलेला सरळ रस्ता लागला. तिची पकड चांगली होती, गियर टाकताना गाडीला हिसका बसत नव्हता. मी ते मनात ठेवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"ट्रक. मागचा एक दिवा बंद आहे."

तो मलाही दिसत होता. "पुढे."

"वळणाच्या अलीकडे कुत्रं बसलंय."

मला तिथे रस्त्याचा तुकडा दिसत होता. जवळ गेल्यावर तो उठून बाजूला झाला. ठीक आहे, मी म्हटलं, नशिबाने जमलं असेल.

"माणूस," ती म्हणाली. "डोक्यावर पोतं आहे. आपल्याच बाजूने चाललाय."

मी समोर बघितलं. रस्ता रिकामा होता. मला पक्की खात्री होती, आणि मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "नसलेलं सांगू नकोस. न बघणारा ड्रायव्हर एक वेळ परवडला, पण मनाचं सांगणारा नको. माझ्यासमोर असलं चालायचं नाही."

तिने वेग उतरवला आणि गाडी कडेपासून लांब घेतली. आणि माझ्या खिडकीबाहेर, हात काढला तर लागेल इतक्या जवळ, एक माणूस आला. डोक्यावर पोतं, हातात चपला. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही आणि तो मागे गेला.

मी अजून सावरतोय तोच समोरून एक गाडी आली. मला तिचे दिवे दिसले आणि मग दुसरं काहीच दिसलं नाही, सगळं पांढरं झालं. शिवी ओठांवर आली होती, तेवढ्यात सून म्हणाली, "तिच्या मागे सायकल आहे. मागे बाई बसलीय." गाडी निघून गेली. सायकल आमच्या शेजारून गेली. मागे बाई होती.

मी घाबरलो. आयुष्यात कधी रस्त्याला घाबरलो नव्हतो, त्या वेळी घाबरलो. ते पोतं, ती सायकल, आणि मधल्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला बंब, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "गाडी कडेला घे."

तिने घेतली. इंजिन बंद केलं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"शंका होती."

"मग सरळ सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंत?"

"नसतं," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. माझे डोळे भरून आले, म्हणजे होतं तेवढं दिसणंही गेलं. फार वाईट वाटलं. रडलोच म्हणा ना. सुनेने माझ्याकडे न बघता रुमाल दिला आणि समोरची काच पुसायला म्हणून खाली उतरली. ती काच स्वच्छच होती.

ती परत येऊन बसली तेव्हा मी घसा साफ केला. जे वाक्य मी इतक्या जणांना म्हटलं होतं, ते तिलाही नीट, पूर्ण म्हणायला हवं होतं. "गाडी तुझी," मी म्हणालो. "पण मी काही मागे जाऊन आडवा होणार नाही. रात्रीच्या ड्रायव्हरला शेजारी जागं माणूस लागतं. मी शेजारी बसणार."

"मी तेच म्हणणार होते," ती म्हणाली.

"तू म्हणायच्या आत मी म्हणालो. लक्षात ठेव."

घरी आल्यावर मी सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं की गाडी सून चालवणार, मी तिची परीक्षा घेतली आहे, पोरगी तरबेज आहे आणि यावर चर्चा नको. मुलगा उडालाच. मग त्याला आपलं दुःख आठवलं. "पण पुढची सीट माझी आहे. मला मागे मळमळतं."

"गोळी घे आणि झोप."

"त्या गोळीने मला काही सुधरत नाही."

"तुला सुधारून काय करायचंय? गाडी तुझी बायको चालवतेय."

आमची ही माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाली, "परत आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

"जाऊ की. तो काय लागेल ते करेल, आणि मग पुढच्या वेळी सुनेला माझ्यापुढे पुढचं सांगून दाखवू दे," मी म्हणालो. "आणि ते फाटकही मीच रंगवणार आहे."

ठरलेल्या दिवशी जेवणं उरकून निघालो. सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम झालं होतं, बिस्किटं डब्यात, उशा काचेपासून लांब, संत्री घरी. बंबाने निघताना जाऊन घेतलं आणि फाटकातून बाहेर पडल्यावर पुन्हा जायचं म्हणाला. पोपटने समुद्राबद्दल बोलायला सुरुवात केली. सून शांतपणे चालवत होती. मी तिच्याशी हळू आवाजात इकडचं तिकडचं बोलत होतो, मधूनच "काय दिसतंय?" विचारत होतो आणि ती सांगत होती. गावाचे दिवे संपले तशी पोपट एका वाक्याच्या मध्येच थांबली.

मी कान दिला. एक श्वास लांब झाला होता. थोड्या वेळाने दुसरा. आणि त्यांच्या मागून आणखी एक, जाडसर, सावकाश.

मग माझ्या लक्षात आलं की मी आज ड्रायव्हर नाही. मी सीटवर गुडघा टेकवला आणि वळून बघितलं. जवळचं मला छान दिसतं. बंबाचे पाय हिच्या मांडीवर होते आणि ही जागी होती, माझ्याकडे बघून हसत होती. पोपट त्याच्या अंगावर रेलली होती. आणि त्यांच्या मागच्या सीटवर, ज्याला मी कधी बसमध्ये नेऊ शकलो नाही ते माझं पोर, केस पिकायला लागलेलं, चादर हनुवटीपर्यंत ओढून गाढ झोपलं होतं. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवू ते कळेना.

"काय दिसतंय, बाबा?" सुनेने रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं.

"तिन्ही पोरं झोपलीत," मी म्हणालो. "थोरल्याचं तोंड उघडं आहे."