दोन डाव्या बाह्या

उजवी बाही म्हणून जी मी मुंढ्याला लावत होते, ती काही केल्या बसेना. पुढचा गोलवा मागे जात होता. टाचण्या काढल्या, पुन्हा लावल्या. शेवटी दुसरी बाही उचलून शेजारी ठेवली तेव्हा कळलं. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

आमचे हे कटिंगच्या टेबलापाशी खडूला धार काढत उभे होते, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मी दोन्ही बाह्या अस्तराखाली सरकवल्या आणि मशीन नुसतंच चालवत राहिले. मशीन थांबलं की ह्यांची मान वर होते, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालेलं आहे.

शिवणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. साधं कापड दुहेरी घडी घालून कापतात, म्हणजे डावी-उजवी जोडी आपोआप निघते. चौकडीच्या कापडाला ती सोय नाही, घडीत चौकटी सरकतात. ते एकेरी पसरायचं, मापाचा कागद ठेवून एक बाही कापायची, मग कागद पालथा घालायचा आणि दुसरी कापायची. कागद पालथा घालायला विसरलं की झालंच. ही नवशिक्याची चूक. ह्यांनी ती उभ्या जन्मात केली नव्हती. त्यात या कापडाची मागची बाजू वेगळी, त्यामुळे उलटं लावून वेळ मारून न्यायचीही सोय नव्हती. उरलेल्या तुकड्यांतून तर धड रुमालही निघाला नसता.

कापड होतं ग्रंथपालांचं. त्यांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि त्यासाठी कोट शिवायला त्यांच्या मुलाने हे लांबून पाठवलं होतं. तसं दुसरं इथे मिळणार नव्हतं.

गेल्या वर्षापासून ह्यांचं असं चाललं होतं. माप घेऊन झालं की थोड्या वेळाने पुन्हा टेप काढायची. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव ओठांवर यायचं नाही, मग "या, बसा" जरा जास्तच मोठ्याने म्हणायचं. एकदा कॉलर दोन मापांची कापली. हे जेवायला गेले की मी उसवायचे, तुकडा जोडायचे, जोड शिवणीत दडवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्यांची मूठ मी झाकून धरली होती आणि मला वाटायचं, कुणाला पत्ता नाही.

पण लेक शाळेत शिकवते, तिच्या नजरेतून काय सुटणार? मागच्या आठवड्यात डोळे तपासायचं निमित्त काढून तिने बापाला भलत्याच, मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ह्यांना दाराबाहेरची पाटी वाचूनच कळलं, पण लेकीपुढे ह्यांचं काही चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, रक्त तपासलं, कान तपासले, झोप कशी लागते तेही विचारलं. मग सावकाश समजावलं. वयामानाने जेवढं विसरायला होतं त्याहून हे थोडं जास्त आहे. याला वेड म्हणत नाहीत, आणि घरातली वाट चुकावी इतकंही ते नाही. रोजचं सगळं हे स्वतः करू शकतात. पुढे काहींचं आहे तिथेच थांबतं, काहींचं थोडं सुधारतं, काहींचं वाढतं. आत्ताच कुणी सांगू शकत नाही. चाला, माणसांत राहा, रक्तदाब सांभाळा, आणि काम सोडू नका.

ह्यांनी एकच विचारलं, "कात्री धरू ना?"

त्या म्हणाल्या की ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, चूक झाली तर निस्तरता येईल असं काम मात्र निवडा.

घरी आल्यावर लेक म्हणाली, आता फक्त दुरुस्तीची कामं घ्या, नवं कापड बेतू नका. आमच्या धंद्यात ज्याच्या हातात कात्री तो मास्तर, बाकीचे सगळे शिवणारे. मी जन्मभर शिवत आले, पण टेबलावरची ती मोठी कात्री कधी उचलली नाही. ह्यांनी मनाई केली होती असं नाही, रीतच तशी. त्या माणसाला "कात्री ठेव" म्हणणं म्हणजे दुकानात असून नसल्यासारखा राहा म्हणणं. माझी जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ग्रंथपालांचं कापड पसरलं आणि मी मुकाट्याने मशीनमध्ये दोरा ओवला.

मी बाह्यांचा विचार करतेय तोवर ग्रंथपाल दारात उभे. ट्रायल दुसऱ्या दिवशी होती, पण माणूस उतावळा. मी उठले आणि सरळ थाप मारली. म्हटलं, माझ्या हातून मशीनचं तेल सांडलं बाहीवर, चार दिवस थांबावं लागेल. चार दिवसांत काय करणार होते, देव जाणे.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. खडू ठेवला, माझ्या मशीनपाशी आले आणि अस्तर बाजूला केलं. दोन्ही बाह्या उचलून टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या.

"हिने काही सांडलेलं नाही," ते म्हणाले. "दोन्ही डाव्या कापल्यात. मी कापल्यात. मला हल्ली विसरायला होतं. डॉक्टरांनीही तसंच सांगितलंय. तुम्हाला कापड घेतानाच सांगायला हवं होतं."

ग्रंथपाल स्टुलावर बसले. भला माणूस, पण "असू द्या हो" काही म्हणाला नाही. कापडावरून हात फिरवत म्हणाला, मुलाला फोटो पाठवायचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांनीच मग सुचवलं की बिनबाह्यांचं जाकीट होईल, पाठीला आणि पुढे चौकडी अगदी जुळलेली आहे. ग्रंथपालांनी कच्चे टाके घातलेला कोट उजेडात धरून पाहिला. होकार दिला, पण खुशीने नाही. उठता उठता त्यांनी विचारलं, "पण आता कापणार कोण?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. कुणीही विचारलं असतं. पण माझी ह्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"ही कापेल," हे म्हणाले. "मी शेजारी उभा असेन."

गिऱ्हाईक जाईपर्यंत मी तोंडाला कुलूप लावलं. मग मात्र भडकले. मला न विचारता परस्पर शब्द देऊन मोकळे झाले. मला येतं का कापायला? हातभर कात्री, माझा एवढासा पंजा.

"वर्षभर माझं कापलेलं सुधारतेस," ते म्हणाले. "येतं तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"विसरतो मी. आंधळा नाही झालो."

मी खाली बसले. रागही आला आणि लाजही वाटली. मी इतके दिवस कुणापासून काय झाकत होते? ह्यांनी तेवढ्यात जाकिटाचा कागद शोधून आणला. कच्चे टाके उसवून पुढचा एक भाग पसरला, दोन्ही तळवे टेकवून सपाट केला आणि कात्रीच्या मुठी माझ्याकडे फिरवल्या.

कात्री जड होती. पहिला काप देताना मी ती टेबलावरून उचलली.

"उचलू नकोस," ते म्हणाले. "खालचं पातं टेबलाला टेकून चालू दे. कापड माझ्या हाताखाली आहे, सरकणार नाही."

मी कापत गेले. मुंढ्याचं वळण आलं तसे त्यांचे तळवेही वळणाबरोबर सरकत गेले. एक बाजू झाली. दुसरा भाग मी पसरला, कागद पालथा घातला, खडूने रेघ ओढली.

"कागद पालथा घातलास ना?" त्यांनी विचारलं.

"घातला."

मी कात्री चालवली. अर्ध्यावर आले असेन.

"अगं, कागद पालथा घातलास ना?"

मी थांबले. त्यांची नजर माझ्या हाताकडे होती. ते अगदी मन लावून विचारत होते, पहिल्यांदाच विचारावं तसं. कापताना रडायची सोय नसते, खडूची रेघ दिसेनाशी होते.

"घातला," मी म्हटलं, आणि कात्री टेबलाला टेकवून पुढे निघाले.