चार घरची कादंबरी

मी कादंबरी बोलतेय, तेही चार तुकड्यांतून, म्हणून आवाज थोडा फाटका वाटेल.

१९५७ साली मी छापली गेले. नाव सांगत नाही. थोर कादंबऱ्यांच्या यादीत ते हमखास असतं, आणि यादी वाचली की लोकांना मीच वाचून झाल्यासारखं वाटतं.

चोपड्याच्या वाचक मंडळाला चर्चेसाठी मीच हवी होते. प्रत मिळाली एकच, शिवण उसवलेली. मंडळाचे अध्यक्ष यादवनाना निवृत्त एसटी कंडक्टर. तिकिटं फाडावीत तसे त्यांनी माझे चार भाग केले. दर आठवड्याला भाग बदलायचे, महिन्याने चर्चा. आवडली तर लोटन बाइंडरकडे शिवायला, नाहीतर रद्दीत. माझा जीव टांगणीला!

पहिला भाग नानांकडे, दुसरा बँकेतल्या प्राचीकडे, तिसरा केळीचे व्यापारी अभिमनभाऊंकडे. चौथा वच्छलाअक्कांना, कारण बैठक त्यांच्या घरी आणि चहाही त्यांचाच. महिना गेला, भाग कोणी बदललेच नाहीत. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी मला पूर्वीच कधीतरी वाचलेलं असणार. मग कबूल कोण करणार?

"लेखकाने नायिकेला, जानकीला, नुसतं रडवलंय," चर्चेला नानांनी तोंड फोडलं.

"रडवलंय? ती तर सासऱ्याला कोर्टात खेचते!" प्राची म्हणाली.

"काय उपयोग? मरतेच ना," अभिमनभाऊ म्हणाले. "आणि लेखकाला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. भर ज्येष्ठात कापूस वेचायला लावतो!"

लेखकाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढ्यावर मात्र तिघांचं एकमत झालं. नानांनी रद्दीचा ठराव मांडला. मी चारही भागांनी थरथरले.

तेवढ्यात अक्कांनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "जानकी मरस नही, भाऊ. ते सपन शे. ती झोपनी प्राचीना तुकडामा, नि जागी व्हयनी मना तुकडामा."

म्हणजे अभिमनभाऊंकडचा अख्खा तिसरा भाग जानकीचं स्वप्न! अक्कांना हे कसं कळलं, ते मला ठाऊक होतं. नानांकडे मी पंचांगाखाली पडून होते, प्राचीकडे फ्रिजवर, अभिमनभाऊंच्या गाळ्यात तर वजनकाट्याला टेकू. लोणचं द्यायला आलेल्या अक्कांनी प्रत्येक ठिकाणी मला काढून, धूळ झटकून वाचलं होतं. अडुसष्ट वर्षांत मला सबंध वाचणारं हे पहिलं माणूस. खरंच भरून आलं.

"मग शेवटी काय होतं?" नानांनी विचारलं.

"सांगाव नही. पहिले तुकडा बदला."

ठराव बारगळला. आता मी या घरातून त्या घरात फिरतेय. चौथा भाग अक्कांच्या फडताळात, लोणच्याच्या बरणीशेजारी. काल नाना वाटी परत करायच्या निमित्ताने आले आणि त्यांनी हळूच फडताळाकडे हात नेला. अक्कांनी वाटी घेतली.

"तिसरा वाचीसन व्हयना का?"

अध्यक्ष मान खाली घालून घरी गेले.

वाचकहो, लोटनची सुई टोचणार आहे. टोचू दे. इतकी वर्षं लोक मला थोर म्हणत आले. पुढे काय झालं, हे आता कुठे कोणी विचारतंय.